चार पिना, तीन भोकं

मुलांनो,

कॉम्प्युटर जळाल्याची बातमी तुम्हाला घरच्या ग्रुपवर कळली, माझ्याकडून नाही. त्या बातमीखाली थोरलीनं लिहिलं, "आजी, घाबरू नकोस. पण आधी मॅन्युअल वाचायला हवं होतंस ना गं. आता कॅबिनेट उघडू नकोस, मी आल्यावर बघते."

आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मॅन्युअल वाचायला हवं होतं! या घरात ते मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मी एकटी आहे. दिवाळीत तुम्ही याल, सगळे जमतील, तोवर या गोष्टीचा विनोद झालेला असेल. एकदा विनोद झाला की खरं काय घडलं ते कोणी ऐकत नाही. म्हणून हे आजच लिहिते आहे.

उन्हाळ्यात आपण तो कॉम्प्युटर जोडला तेव्हाची विभागणी आठवा. मॅन्युअल मोठ्यानं वाचायचं काम माझं, हात थोरलीचे, आणि पंख्यांची हवा कुठून कुठे जाते ते कागदाचा कपटा धरून बघायचं काम धाकट्याचं. स्क्रू मी तुमच्या आजोबांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत घातले आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली. एकही स्क्रू हरवला नाही, उरला नाही. जाताना थोरली म्हणाली होती, "आतले लाईट तेवढे राहिले. पुढच्या वेळी." मला वाटलं, तुम्ही दार उघडून आत याल तेव्हा कॅबिनेटच्या काचेआड ते लागलेले असावेत. यापलीकडे माझा काही हेतू नव्हता.

आपल्या कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर लाईटसाठी एकच जागा आहे. तिला चार पिना आहेत आणि तिथून बारा व्होल्ट येतात. हल्लीच्या बहुतेक लाईटच्या पट्ट्या पाच व्होल्टच्या असतात, त्यांच्या टोकाला तीन भोकं असतात आणि चौथं बुजवलेलं असतं. बुजवलेलं अशासाठी, की चुकीच्या जागी ते बसूच नये. एकतिसाव्या पानावर चौकटीत इशारा आहे: पाच व्होल्टची पट्टी इथे लावू नये, पट्टी आणि बोर्ड दोन्ही खराब होतील. त्या चौकटीखाली माझी पेन्सिलीची रेघ आहे. ती सप्टेंबरातली आहे, जळाल्यानंतरची नाही.

अमरावतीत दोन दुकानदारांनी सरळ सांगितलं, "बारा व्होल्टची नाही." तेव्हा मी चिडले होते. आज मला त्या दोघांबद्दल आदर वाटतो. नंतर बहिणीकडे अकोल्याला गेले तेव्हा तिथल्या एका दुकानात विचारलं. मी चिठ्ठी लिहून नेली होती: बारा व्होल्ट, चार पिना. दुकानदारानं ती हातात घेतली, वाचल्यासारखं केलं आणि खोकं काढून समोर ठेवलं.

"हे बारा व्होल्टचंच आहे ना?"

"मावशी, सगळं चालते. आजकाल हेच लावून राहिले सगळे."

"मी चालतं का विचारत नाहीये. बारा व्होल्टचं आहे का?"

"हो न! तुमी कायले टेन्शन घेता? घरी जा, लावा, नातवाले फोटो पाठवा."

खोक्यावर रंगीत चित्रं होती, व्होल्ट कुठेच लिहिलेले नव्हते. मी विश्वास ठेवला. घरी येऊन उघडलं तर टोकाला तीन भोकं, चौथं बुजवलेलं, आणि भिंग धरल्यावर पट्टीवर बारीक अक्षरांत पाच व्होल्ट. मी पट्टी होती तशी गुंडाळली, खोक्यात ठेवली, वर लिहिलं: "परत करणे. अकोला." इथपर्यंत सगळं नीट होतं.

दुसऱ्या दिवशी तुमचे धाकटे आजोबा शेंदूरजनाघाटहून आले. म्हणजे माझे दीर. पिशवीभर संत्री आणली होती, सुरुवातीची, अजून हिरवट. तुम्हाला ते आवडतात, मलाही आवडतात. चाळीस वर्षं त्यांनी नर्सरीत जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले आहेत, त्या भागातल्या कितीतरी बागा त्यांच्या हातच्या कलमांच्या आहेत. जोडणं हा त्यांचा धर्मच आहे. त्यांनी टेबलावरचं खोकं पाहिलं, उघडं कॅबिनेट पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून कलमाचा चाकू काढला.

"वैनी, हे वापस कायले करता? टोक कापू, तार तारेले जोडू. हाय काय त्याच्यात?"

"भाऊजी, ते पाच व्होल्टचं आहे. इथून बारा येतात."

"मंग? खुंट जंभेरीचा आन् डोळा संत्र्याचा. दोघाची जात एक हाय का? तरी बसते न!"

"बाभळीवर बसवून दाखवा संत्र्याचा डोळा."

तुमचे आजोबा पेपरामागून हसले. दीरही हसले. "आमच्या वैनी पुस्तकातून बोलतात. तुमी पोरं शिकवली, मी झाडं वाढवली. हात सांगते मले, बसते का नाही ते."

मी मॅन्युअल आणून एकतिसावं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे कंपनीवाले भेव दाखवतेत. त्याइचीच पट्टी घ्या म्हणून." यावर तुमचे आजोबा म्हणाले, "त्यात तथ्य आहे." पान कोणीही वाचलं नाही. मी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि माझ्याच बैठकीच्या खोलीत दोन पुरुषांना एक चौकट वाचायला लावू शकले नाही.

"मी चहा ठेवते. येईपर्यंत हात लावू नका," असं सांगून मी आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा टोक कापलेलं होतं. बोर्डाबरोबर आलेली चार तारांची वायर, जी मी वेगळ्या पाकिटात जपून ठेवली होती, तीही कापलेली होती. पट्टीच्या तीन तारा तिच्या चारांपैकी तीन तारांना पिळून जोडल्या होत्या, चौथी वाकवून बाजूला केली होती. जोडांवर कलमाला बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली होती, घट्ट, एकसारखी, बघत राहावं अशी. ते काम सुंदर होतं, हे मी रागातही नाकारत नाही. वायर चारी पिनांवर जाऊन बसली होती. बुजवलेलं भोक कापून फेकल्यावर कुठलीही वायर कुठेही बसते.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणाले.

"वैनी, आता बटन तुमीच दाबा. मान तुमचा."

"दाब ना," तुमचे आजोबा म्हणाले. "किती हट्ट."

आणि मुलांनो, मी दाबलं.

ग्रुपवर दिरांनी जे लिहिलं, "वैनीनं बटन दाबलं आन् शॉर्ट झाला," ते अक्षरशः खरं आहे. मला काय होणार ते ठाऊक होतं. पान माझ्या काखेत होतं. पण दोघं हसत माझ्याकडे बघत होते, चहा निवत होता, आणि मला वाटलं, न जाणो, हातालाच जास्त कळत असेल. याचा राग मला दिरांच्या चाकूपेक्षा जास्त आहे. परीक्षेत बरोबर उत्तर खोडून शेजाऱ्याचं चुकीचं लिहिणाऱ्या मुलींना मी किती बोलत असे!

पट्टी पांढरीफक्क पेटली. क्षणभर इतकी झगझगीत, की दीर "पाहा!" म्हणाले. मग जळकट वास, काचेमागे धुराची एक रेघ, आणि सगळं बंद. पंखेसुद्धा. दिरांनी कॅबिनेटभोवती फिरून निर्णय दिला, "पट्टीच खराब होती." माझ्या बटणाबरोबर तेही त्यांनी बसमध्ये बसून ग्रुपवर लिहिलं.

मी पुढच्या आठवड्यात अकोल्याला गेले, फक्त त्या पट्टीसाठी. काउंटरवर ती ठेवली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती.

"मावशी, कापलेला माल वापस होत नाही."

"परत द्यायला आणली नाही. वाचायला आणली आहे. इथे काय लिहिलंय?"

त्यानं डोळे बारीक केले. "पाच व्होल्ट."

मी माझी चिठ्ठी शेजारी ठेवली. "आणि इथे?"

त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. मग हसला. "बाराचं आता कोणी मागतच नाही न, मावशी. ठेवतच नाही आमी."

"मग तेवढंच म्हणायचं होतं."

एवढ्यासाठी जाऊन-येऊन पाच तास एसटीत बसले. तरी राग गेला नाही. "नाही" हा दोन अक्षरी शब्द त्याच्या तोंडून निघाला असता, तर खोकं या घरात आलंच नसतं. मला तो बटणापुढे उच्चारता आला असता, तर बोर्डाला काही झालं नसतं.

थोरले, तू लिहिलंस, कॅबिनेट उघडू नकोस. तुझा निरोप वाचून मी दुसऱ्याच दिवशी ते उघडलं. भिंतीतली पिन काढली, कलमाची पट्टी सोडली, जळकी वायर काढली. मग एकेचाळिसाव्या पानावरच्या ‘कॉम्प्युटर सुरू न झाल्यास’ या सूचनेप्रमाणे बोर्डावरचा छोटा सेल पाच मिनिटं काढून परत बसवला. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबल्या, टक् आवाज येईपर्यंत, तू दाखवलंस तसं. या वेळी मॅन्युअल मी मनात वाचलं, मोठ्यानं वाचायला समोर कोणी नव्हतं. बटण दाबलं. पंखे फिरले. थोड्या वेळानं पडद्यावर आपल्या तिघांचा उन्हाळ्यातला फोटो आला. तुमचे आजोबा खुर्चीतून उठून बघायला आले. मी त्यांना चहा विचारला नाही.

तेव्हा नोंद अशी. लाईटच्या चार पिना गेल्या, त्या जागी आता काही लागणार नाही. बाकी बोर्ड शाबूत आहे, कॉम्प्युटर चालतो, हे पत्र त्याच्यावरच टाइप केलं आहे. स्क्रू डब्यांत आहेत, मॅन्युअल टेबलावर आहे, आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे.