मोटारीचं इंजिन, ट्रकचं ओझं

ओपल ड्रायलिंगने घरच्या मोटारीचं इंजिन काढून ट्रकला बसवलं, त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याचं, लिओचं, रविवारी चर्चला जाणं बंद झालं. ट्रकच्या उंच सीटवर त्याला चढवता येत नव्हतं. मार्चमध्ये तो पवनचक्कीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्या रात्री घरचे इस्पितळात होते; ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी काढून ठेवायचं राहिलं. सकाळी पाणी गोठून इंजिन तडकलेलं. कॅन्ससमध्ये थंडीत ही चूक शाळकरी पोरंही करत नाहीत. ओपलकडून झाली.

मोटार आणि ट्रक एकाच कंपनीचे. तीच सहा सिलिंडरं, तेच बोल्ट. भावाला मदतीला घेऊन तिने दोन दिवसांत अदलाबदल केली. लिओ स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूचना देत होता.

"बसलं खरं," शेवटी तो म्हणाला. "पण दोन माणसं आणि एक प्रार्थनेचं पुस्तक एवढंच ओढायची सवय आहे याला. चढावर तेल मागे पळतं, पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. चढ आला की खालचा गिअर. घाई नाही करायची."

"मी कधी घाई करते?"

"लग्नाला केलीस की."

शेताशेतावरून सायीचे कॅन गोळा करून गावातल्या डेअरीत पोचवायचे, हे वीस वर्षं लिओचं काम. आता ओपलचं. डेअरीच्या एमिलने साफ सांगितलं होतं, तीनदा वेळ चुकवलीस तर दुसरा माणूस बघेन. ऑगस्टमध्ये दोनदा उशीर झाला होता. काम गेलं तर लिओची रवानगी विचिटा शहरात, चर्चच्या जोगिणी चालवत त्या अपंगांच्या आश्रमात. त्याच्या बहिणीने तिथे खाटही बघून ठेवली होती. बहिणीचं पत्र टेबलावर पालथं पडलेलं असे. ते कुणी सरळ करत नव्हतं.

त्या गुरुवारी उशीर झाला आणि दगडखाणीचा चढ ओपलने वरच्या गिअरमध्येच काढला. माथ्याजवळ आतून कुणी चमचा आपटावा तसा आवाज सुरू झाला. तिने इंजिन बंद केलं आणि उतारावरून ट्रक तसाच वाटेवरच्या शेतातल्या रेजिनाच्या फाटकापर्यंत घरंगळू दिला. पावणेनऊ वाजले होते. डेअरी अकराला साय घेणं बंद करायची.

रेजिना कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"कॅन बाहेर ठेवलेत की गं मी."

"कॅन नकोत. खारवलेल्या डुकराचं जाड कातडं आहे?"

"नाश्ता नाही केलास?"

"इंजिनाला हवंय."

रेजिनाने तिच्याकडे नीट पाहिलं, मग ती आत गेली आणि धुराने काळपट झालेलं हातभर कातडं घेऊन आली. बरोबर कपडे धुवायचं घंगाळही, तेल धरायला.

ओपल ट्रकखाली आडवी झाली. इंजिनाखालची तेलाची परात उतरवली. पिस्टनच्या पहिल्या दांड्याचं बेअरिंग झिजून त्याचे चकचकीत कपटे झाले होते. तिने कातड्याची पट्टी कापून तिथे गुंडाळली, चरबीची बाजू आत, आणि वरून टोपण आवळलं. तेल फडक्यातून गाळून परत ओतलं. साय नासू नये म्हणून रेजिना तोवर कॅनांवरची गोणपाटं पुन्हा पुन्हा ओली करत होती. मध्येच ती म्हणाली, "माझ्या सासऱ्याने असं केलं होतं. चौदा मैल चाललं."

"मला नऊ पुरेत."

आठ मैल ती खालच्या गिअरमध्ये, जपून गेली. नववा मैल म्हणजे डेअरीचा चढ. ओपल पायथ्याशी थांबली. तेल मागे पळतं, लिओ म्हणाला होता. मग ट्रकची पाठ वर करायची, तेल पुढे येईल. तिने ट्रक वळवला, रिव्हर्स टाकला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि चढ उलटा चढू लागली.

डेअरीच्या फलाटावरची माणसं कामं सोडून बघत राहिली.

"ओपल, घर तिकडे राहिलं," एकजण ओरडला.

"मागून ओळखलं नाहीस होय मला?" ती मान न हलवता म्हणाली. माणसं हसत राहिली, ट्रक वर आला.

एमिलने एकेका कॅनचं झाकण उघडून वास घेतला. घड्याळ बघितलं. अकराला चार मिनिटं होती.

"साय चांगली आहे. पण नाश्त्याचा वास कुठून येतोय?"

"इंजिनातून."

तो हसला नाही. "उद्या?"

"उद्या," ओपल म्हणाली.

घराच्या वळणावर आवाज पुन्हा सुरू झाला. ती दारात आली तेव्हा लिओ खिडकीशी कान देऊन बसलेला होता.

"पहिला दांडा."

"हो."

"वरच्या गिअरमध्ये चढलीस."

"चढले."

"काय घातलंस?"

तिने वर्तमानपत्रात बांधून आणलेलं उरलेलं कातडं टेबलावर टाकलं. दिवसाला एक लागणार; त्यातून दोन पट्ट्या निघाल्या असत्या, फार तर तीन. नवीन बेअरिंग शहरातून मागवायचं तर दहा दिवस लागत. लिओने कातडं बोटांनी दाबून पाहिलं. मग त्याने कमरेचा पट्टा सोडायला घेतला. बसल्या बसल्या तो ओढून काढायला त्याला वेळ लागला. ओपल मदतीला पुढे झाली, तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटलं.

"चामडं जास्त टिकतं," तो म्हणाला आणि पट्टा टेबलावर ठेवला. "बसून असणाऱ्याची पँट कुठे पडते?"

ओपलने सुरी हातात घेतली. पट्ट्याला नऊ भोकं होती. पूर्वीची पाच, मार्चनंतर तो वाळत गेला तशी तिनेच पाडलेली चार. तिने भोकं नसलेल्या टोकाकडून मोजून कापायला सुरुवात केली.