आठ वर्षं बादलीवर

इंग्लंडमधल्या लेडबरीजवळ प्रोसर यांच्या घरात जेवणाच्या टेबलाला तीन खुर्च्या आणि एक बादली होती. एक खुर्ची ग्लेनिसची, दुसरी दर गुरुवारी जेवायला येणाऱ्या तिच्या बहिणीची, तिसरी मांजराची. बादली ग्लेनिसच्या नवऱ्याची, क्लाइव्हची. जस्ताची, पालथी घातलेली. तिच्यावर बसलं की टेबलाची कड त्याच्या हनुवटीशी यायची. त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्याने आपलं जेवण समोरून पाहिलं होतं, वरून नाही.

चौथी खुर्ची त्यानेच मोडली होती. जवळच्या रानात ओल्या लाकडाच्या खुर्च्या बनवायला शिकवतात हे कळल्यावर त्याने नाव नोंदवलं, आणि जाण्याआधी थोडा अभ्यास असावा म्हणून एक खुर्ची सुटी केली. चार पाय, दहा आडवे दांडे, सगळं टेबलावर ओळीने मांडलं. परत जोडताना दोन पाय चिरले.

"तू मोडलीस, तूच बनव," ग्लेनिस म्हणाली. "तोवर बादली."

"पण मांजराची खुर्ची..."

"मांजराने काही मोडलेलं नाही."

क्लाइव्हने एकतीस वर्षं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायची नोकरी केली होती. त्याने मारलेला पट्टा वाकडा आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लाकडाला मात्र या कीर्तीची कल्पना नव्हती. पहिल्या वर्षी त्याने पाय इतके सारखे करत नेले की शेवटी ते वीतभर उरले. दुसऱ्या वर्षी पाय फाटले. तिसऱ्या वर्षी पाय उत्तम झाले, पण पाचच्या पाच. पाचवा कोणता हे ठरवताना वर्ग संपला. दांडे मात्र दरवर्षी झकास व्हायचे. प्रत्येकाच्या टोकावर पेन्सिलीने साल लिहून तो ते घरी न्यायचा. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी निघताना ग्लेनिसने फुलझाडांच्या दुकानाचं माहितीपत्रक त्याच्यासमोर धरलं. त्यात एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची होती. पावसात टिकणारी, एकात एक रचता येणारी.

"शनिवारी खुर्ची घेऊन आलास तर ठीक. नाही तर सोमवारी ही येईल, आणि मरेपर्यंत तू हिच्यावर बसशील."

"प्लॅस्टिक?" क्लाइव्ह म्हणाला.

"फडक्याने पुसता येते, असं लिहिलंय."

रानातला वर्ग टॅम्सिन यॅप चालवायची. चाळिशीची, दंडाने भक्कम, बोलायला तुटक. ताडपत्रीचं छप्पर, मधे लोखंडी शेगडी, तिच्यावर सदा उकळणारी किटली. लाकूड फिरवून गोल तासायचे, पायाने दाबायचे लेथ, वरच्या लवचीक फांदीला दोरीने बांधलेले. शिकायला सहाजण. सगळ्यात तरुण बर्मिंगहॅमचा दातांचा डॉक्टर डंकन. तो पहिल्यांदाच आला होता आणि बुधवारी सकाळी त्याचे चारही पाय तयार होते. क्लाइव्हने ते हातात घेऊन पाहिले आणि "छान" म्हणाला. हा शब्द उच्चारायला त्याला बराच वेळ लागला.

या खुर्चीची सगळी खुबी एका गोष्टीत असते. पाय ओले हवेत, दांडे ठणठणीत कोरडे. ओल्या पायात गिरमिटाने भोक पाडायचं, कोरडा दांडा ठोकायचा. पुढे पाय वाळताना आक्रसतो आणि दांड्याला असा धरतो की खिळा नको, डिंक नको. उलटं केलं तर महिन्याभरात खुर्ची कुल्यांखालून निघून जाते. म्हणून शेगडीच्या बाजूला टॅम्सिनने गरम वाळूची एक पेटी ठेवलेली होती. एका वेळी दोघांचे दांडे मावत.

क्लाइव्हचे दांडे मंगळवारीच तयार होते, सगळ्यांच्या आधी. पेटीशी गेला तर मागे एक बाई उभ्या.

"आधी तुम्ही," क्लाइव्ह म्हणाला.

"छे, छे, तुम्ही पहिले आलात."

"मला काही घाई नाही."

घाई त्याच्याइतकी रानात कुणालाच नव्हती. पण बोलून गेला होता. बुधवारी त्याने आणखी दोघांना पुढे जाऊ दिलं, गुरुवारी डंकनला. डंकनने तीनदा नको म्हटलं, क्लाइव्हने चारदा आग्रह केला, म्हणजे क्लाइव्ह जिंकला. शुक्रवारी सकाळी पेटी भरलेलीच होती, आणि आता माझे ठेवू का असं विचारणं त्याला फारच आगाऊपणाचं वाटलं.

त्याने स्वतःची सोय केली. तंबूतल्या झोपायच्या पिशवीत दांडे घातले, मधोमध गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली, वरून स्वेटर आणि टोपी घातली. दिवसभरात चार वेळा जाऊन पाणी बदललं. शनिवारी सकाळी सहाजण दांडे घेऊन जमले तेव्हा क्लाइव्हच्या दांड्यांतून पाणी गळत होतं. रबरी पिशवीचं बूच सैल होतं.

टॅम्सिनने एक दांडा हातात घेतला आणि तो पिळावा तसा धरला.

"क्लाइव्ह, हे काय?"

"तंबूच्या खालून पाणी येताना मी काल दुपारीच पाहिलं होतं," डंकन हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?" टॅम्सिनने विचारलं.

डंकन कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, वयामुळे... म्हणजे, खासगी बाब असेल."

यावर सगळे बराच वेळ झाडांकडे बघत राहिले.

"ठोकूया असेच," क्लाइव्ह म्हणाला. "आज तर उभी राहील?"

"आज राहील. ऑगस्टाच्या उन्हात दांडे सुकतील, बायको बसेल आणि मग तुम्ही राहणार नाही." टॅम्सिनने दांडा परत दिला. "पाय मात्र झकास झालेत हो. आठ वर्षांत पहिल्यांदा."

हे ऐकून क्लाइव्हला जास्तच वाईट वाटलं. फोन लागावा म्हणून तो टेकडीवरच्या फाटकापर्यंत चढून गेला.

"खुर्ची होत नाही," तो ग्लेनिसला म्हणाला. "दांडे भिजले."

"कसे भिजले?"

त्याने सांगितलं. मग ती म्हणाली, "कोरडे किती लागतात?"

"दहा."

"अरे शहाण्या, माझ्या टॉवेलांच्या कपाटात काय आहे मग? तुझे दांडे सात वर्षं तिथल्या गरम पाण्याच्या टाकीला चिकटून पडलेत. टॉवेल ठेवायला जागा नाही मला. सत्तरातले दोन टोमॅटोंना लावलेत, बाकी सगळे आहेत."

सात वर्षं वाळलेले दांडे! असा कोरडेपणा टॅम्सिनच्या वाळूलाही जमला नसता.

"तू आणशील? पण तुला तर ती प्लॅस्टिकची..."

"मला बादली हवी आहे, क्लाइव्ह. आठ वर्षं मी फरशी पुसायला शेजारणीची बादली मागून आणते. ती आता दार उघडायच्या आधी सुस्कारा टाकते."

अर्ध्या तासात ती उशीचा अभ्रा भरून दांडे घेऊन आली. क्लाइव्हने प्रत्येक सालातला सगळ्यात चांगला निवडला, काही सालांतले दोन. टोकं थोडी तासली, भोकांत बसवली, मोगरीने ठोकली. लाकूड लाकडात जाताना चुईं असा आवाज आला आणि टॅम्सिन पहिल्यांदाच हसली. मग सगळे दोन पावलं मागे झाले. खुर्ची घट्ट होती, आणि डावीकडे स्पष्ट कललेली होती. दरवर्षी क्लाइव्हने मागच्या वर्षीची चूक सुधारायला मापात चिमूटभर फरक केला होता. त्या सगळ्या सुधारणा आता एका जागी आल्या होत्या.

"स्वभाव आहे तिला," डंकन म्हणाला.

आता परीक्षा उरली. रानातला रिवाज असा की सांगाड्यावर फळी टाकून कुणीतरी बसायचं आणि चहाचा पूर्ण मग सावकाश संपवायचा. खुर्ची मोडली तर ती शेगडीत जाते. बसणाऱ्याला बनवणाऱ्याची दयामाया नसावी, एवढीच अट. एरवी ट्रॅक्टरवाला बॅरी बसायचा, पण त्याची पाठ धरली होती.

"दयामाया नसलेलं कुणी आहे का?" टॅम्सिनने विचारलं.

सगळ्यांनी ग्लेनिसकडे पाहिलं. तिने कोट सावरला आणि बसली.

खुर्चीने कर्रर असा आवाज केला. ग्लेनिसने एक घोट घेतला. क्लाइव्हने मुठी कोटाच्या खिशात घातल्या. दुसरा घोट. डंकन पुटपुटत काहीतरी मोजत होता, बहुधा दात. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली, तोंड वाकडं केलं.

"साखर नाही यात. दुसरा करून आणा."

किटली उकळायला दहा मिनिटं लागली. ती बसून राहिली. दुसरा मग तिने तळापर्यंत संपवला आणि उठली.

"डावीकडे कललीय."

"दिसतंय मला," क्लाइव्ह म्हणाला.

"पण हलली नाही." तिने मग टॅम्सिनच्या हातात दिला. "उचल आता, क्लाइव्ह. गाडी चिखलात उभी आहे."

प्रोसर यांच्या स्वयंपाकघराची फरशी उजवीकडे उतरती आहे. सांडलेला वाटाणा आपोआप मांजराच्या ताटलीपाशी जातो. त्या संध्याकाळी क्लाइव्हने खुर्ची आपल्या जागी ठेवली आणि फळीवर सपाटी मोजायची पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला. त्याने ग्लेनिसला बोलावून दाखवला. ती बादली धुऊन फरशी पुसत होती, म्हणाली, "पाय उचल."

मग बटाटे आणि पिठाच्या पारीत भाजलेलं मटण आलं. क्लाइव्ह खुर्चीवर बसला, आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने टेबल वरून पाहिलं. मिरपूडदाणी हातात घेतली, आत डोकावला.

"ग्लेनिस, ही रिकामी आहे."

"पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "तू रोज टाकायचास, म्हणून मी काही बोलले नाही."