हवालदाराचं मूलाधार

आमच्या घरात गादीखाली प्लास्टिकच्या पिशव्या साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण फेकायलाही कुणाचा हात होत नाही. किस्से तसेच. नोकरीत असताना पोलिस ठाण्यात साठले, त्यात नवल नव्हतं. पण रिटायर झाल्यावर, इथं सोलापुरात, मूलाधार चक्राच्या वर्गात एवढे किस्से साठतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्या माणसाचाच पत्ता विचारून ठेवला असता!

मी हवालदार होतो. संशय घेणं ही माझी भाकरी होती. पेन्शन सुरू झाली, पण संशय काही रिटायर झाला नाही.

वर्गात जायचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. माझी बायको मंगल सकाळी भाजी घेऊन येत होती. मोटरसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन तिचं मंगळसूत्र ओढलं. ती रस्त्यावर पडली. गुडघा फुटला, तो भरून आला. पण त्या दिवसापासून तिनं फाटकाबाहेर पाय टाकणंच सोडलं. मोटरसायकलचा आवाज आला की हातातलं काम टाकून आत जायची. चोर सापडले नाहीत. हवालदाराच्या बायकोचं मंगळसूत्र जातं आणि हवालदाराला पत्ता लागत नाही, असं गल्लीत कुणी बोललं नाही. पण बघायचे तसं. निदान मला तसं वाटायचं.

शेजारच्या सुशीलाक्का एकदा म्हणाल्या, "वैनीला आमच्या मॅडमकडं आणा की. मी पण जाते. भीतीवर लई चांगलं सांगतात त्या."

"फी काय?"

"फी काय न्हाई."

झालं! फी नाही म्हटल्यावर माझे कान उभे राहिले.

•

मॅडमचं नाव शैलजा. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. जुळे सोलापूर भागात त्यांचं घर, मागं पत्र्याचं शेड आणि अनवाणी उभं राहायला थोडी काळी माती. तिथं सकाळी वर्ग.

मंगलला तिथं न्यायच्या आधी मी रीतसर चौकशी केली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं, दूधवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. बाई बऱ्या आहेत ना, घरी कोण येतं, कोण जातं, सगळं.

पहिल्या दिवशी मंगल माझ्या शर्टाची बाही धरूनच शेडमध्ये आली. मॅडमनी सतरंजी अंथरली, सगळ्यांना बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हवालदार, दूधवाला सांगत होता तुम्ही माझी चौकशी केली म्हणून. पुढच्या वेळी मलाच विचारा. त्याच्यापेक्षा मला जास्त माहिती आहे!"

मग शिकवायला लागल्या. मूलाधार म्हणजे मुळाचा आधार. पाठीचा कणा जिथं संपतो तिथली जागा. तत्त्व पृथ्वी, रंग लाल, पाकळ्या चार, बीजमंत्र लं. "झाडाची मुळं हलली की झाड वाऱ्यालाही घाबरतं. माणसाचं तसंच. कुणी घराबाहेर पडत नाही, कुणी सगळ्यांवर संशय घेतं. आजार एकच."

मी हात वर केला. "मॅडम, हे चक्र कुणी डोळ्यांनी बघितलंय का?"

"तुमचा स्वभाव तुम्ही डोळ्यांनी बघितलाय का?"

"नाही."

"मंगलताईंनी बघितलाय!"

आणि मंगल हसली. पडल्यापासून ती हसलेली मी बघितलीच नव्हती. पण संशय सोडला नाही. बाईला हसवणं सोपं असतं, पुढं काय करतात ते बघू म्हटलं.

•

वर्गातलं खरं रत्न म्हणजे विरुपाक्षअप्पा. मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. कापडाचं दुकान मुलाच्या ताब्यात देऊन शहरात आलेले. निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि उरलेलं सगळं खाणं!

मॅडम एकदा म्हणाल्या, "मूलाधाराला लाल रंग मानतात. बीट, टोमॅटो, डाळिंब खावं."

अप्पांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी विचार केला. बीट त्यांना आवडत नाही. टोमॅटोनं घसा धरतो. मग लाल काय? शेंगाचटणी लाल! लाल मिरचीचा ठेचा लाल! दोन्ही ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर उत्तम. साधना सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ.

पुढच्या आठवड्यात अप्पा आले ते उभेच. सगळे मांडी घालून बसले, हे भिंतीला टेकून उभे.

"बसा की अप्पा," मॅडम म्हणाल्या.

"बसायला येत न्हाय, मॅडम."

"का? काय झालं?"

"तुमी चक्र जागं करा म्हटला. आमच्या मूलाधारालाच आग लागलीय की!"

त्या दिवशी वर्ग झालाच नाही. मॅडमच भिंतीकडं तोंड करून हसत होत्या.

•

ध्यानाला डोळे मिटायचे असतात. मी मिटत नसे. चपला शेडच्या बाहेर, फाटक उघडं आणि सगळे डोळे मिटून बसलेले. चोराला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? म्हणून मी एक डोळा मिटायचा आणि एक चपलांवर ठेवायचा.

असं बरेच दिवस चाललं. एकदा चपलांवरची नजर सहज वर्गाकडं वळवली. बघतो तर सुशीलाक्कांचा एक डोळा उघडा! अप्पांचा एक डोळा उघडा! मंगलचे तर दोन्ही! आणि सगळे माझ्याकडं बघतायत.

"काय झालं?" मी विचारलं.

सुशीलाक्का म्हणाल्या, "तुमी रोज चपलांकडं का बघताय, म्हणून आमाला डाऊट येतोय!"

•

एका सकाळी "लं" चा जप चालला होता. मॅडम सांगत होत्या, "आवाज खाली उतरू द्या. कण्याच्या टोकाशी कंप जाणवेल."

आणि जाणवला! सतरंजीखालची फरशी खरंच थरथरायला लागली. आधी बारीक, मग चांगलीच. सुशीलाक्कांनी मंगलचा हात धरला. "वैनी, आलं! आलं!" अप्पांच्या डोळ्यांतून पाणी. "मॅडम, खालून येतंय बगा!" मॅडमचा चेहरा लाल झालेला. इतकी वर्षं शिकवतायत, पण असा अनुभव त्यांनाही नवीन असणार.

मी तेवढ्यात उठलो. माझा कशावर विश्वास बसत नाही, याचा हा एक फायदा. कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरची गाडी लावली होती. धुरळा उडतोय, मशीन जमिनीत चाललीय.

परत येऊन सांगितलं, "चक्र नाही. बोअर मारतायत."

सगळे पडलेल्या चेहऱ्यानं एकमेकांकडं बघायला लागले. अप्पांनी मात्र डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "पाणी लागलं काय?"

•

हसण्यावारी नेता येणार नाही, असाही एक किस्सा सांगतो.

अप्पांना शुगर होती. एकदा ते आले तेव्हा मला त्यांची चाल खटकली. जीभ कोरडी पडलेली, पाणी सारखं पितायत, बोलताना शब्द ओढतायत. मी बाजूला घेऊन विचारलं, "अप्पा, गोळी घेतली का?"

"गोळी बंद केली की."

"कुणी सांगितलं?"

"आता चक्र बॅलन्स झालं की. मग गोळी कशाला?"

माझं डोकं फिरलं. वर्ग चालू होता, तसाच मध्ये उभा राहिलो. "मॅडम, आता कळलं फी का नाही ते! माणसांची औषधं बंद करताय तुम्ही!"

मॅडम उठल्या. अप्पांच्या समोर जाऊन बसल्या. "अप्पा, मी तुम्हाला गोळी बंद करा म्हटलं?"

अप्पांनी मान खाली घातली. "न्हाय. मोबाईलवर एका बाबानं सांगितलं."

"चक्र माझ्या खात्यात येतं. साखर डॉक्टरच्या. माझ्या खात्यातलं कुणी तिकडं नेलेलं मला चालत नाही. चला उठा."

मॅडम, मी आणि अप्पा तसेच रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अप्पांना ठेवून घेतलं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, म्हणाले. बाहेर बाकावर मी आणि मॅडम शेजारी बसलो होतो. मॅडमच म्हणाल्या, "तुमच्या संशयानं माणूस वाचला, हवालदार. फक्त तो जरा चुकीच्या माणसावर आला!"

अप्पा बरे होऊन आले. आता वर्गात बसायच्या आधी मॅडम त्यांना बीजमंत्र विचारत नाहीत. गोळी घेतली का, एवढंच विचारतात.

•

एकदा एक बाहेरचा माणूस आला. गळ्यात माळा, बोटांत खडे. पुण्याहून आलोय म्हणाला. "हा लाल खडा अंगावर ठेवला की मूलाधार स्थिर होतं. भीती पळून जाते. कुणाचं भय राहत नाही."

बोलणं गोड होतं. सुशीलाक्का खडा हातात घेऊन बघायला लागल्या. मी उठून त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, हाताची घडी घालून. ठाण्यातली जुनी सवय. तो बोलता बोलता मागं बघायचा, पुन्हा बोलायचा, पुन्हा मागं बघायचा.

तेवढ्यात मंगल बोलली. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. "भाऊ, तुमच्या बोटांत तर इतके खडे आहेत. मग आमच्या ह्यांना का घाबरताय?"

माणूस चहासुद्धा न घेता गेला. मॅडम म्हणाल्या, "मंगलताई, आज तुमचं पाऊल पुढं पडलं." मंगल लाजली. पण घरी जाताना स्कूटरवर तिनं माझा शर्ट धरला नव्हता. कॅरिअरचा दांडा धरला होता.

•

आता शेवटचा.

त्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. मी आंघोळ करून बाहेर आलो तर घरात मंगल नाही. चहाचं आधण गॅसवरून उतरवलेलं. फाटक उघडं. सुशीलाक्कांना विचारलं, त्यांना माहीत नाही. देवळात नाही, दुकानात नाही. मनात नको नको ते यायला लागलं. स्कूटर काढली.

चौक ओलांडून भाजीच्या रस्त्याला वळलो आणि ब्रेक दाबला.

जिथं तिला पाडलं होतं, तिथंच ती उभी होती. रस्त्याच्या कडेला, मातीत. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. डोळे मिटलेले. नवीन केलेलं मंगळसूत्र तिनं कपाटात ठेवलं होतं, कधी घातलं नव्हतं. ते गळ्यात होतं आणि पदराच्या बाहेर होतं.

मी स्कूटर बंद केली. हाक मारवेना. कडुलिंबाच्या झाडामागं उभा राहिलो.

इतक्यात एक मोटरसायकल आली. मागून. हळू झाली. अगदी तिच्याजवळ येऊन थांबली. मी पळायला पाऊल उचललं.

मंगलनं डोळे उघडले. पळाली नाही, मागं सरली नाही, गळ्याला हातसुद्धा लावला नाही.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

हेल्मेटमधला माणूस म्हणाला, "मावशी, दत्तमंदिर कुटं आलं?"

"सरळ जा. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडं वळ. आणि जरा हळू चालव."

तो गेला. मंगलनं चपला पायात घातल्या, पिशवी उचलली आणि मान न वळवता म्हणाली, "अहो, या आता बाहेर. झाडाला मुंगळे आहेत."

आम्ही मंडईत गेलो. तिनं मेथी निवडून घेतली, भाव केला. घरी येईपर्यंत मी नुसती पिशवी धरली. पण हवालदार तो हवालदार. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधीच मॅडमना गाठलं.

"मॅडम, तुम्ही मंगलला त्या जागेवर जाऊन उभं राहायला सांगितलं होतं का?"

मॅडम सतरंजी झटकायच्या थांबल्या.

"मी? भर रस्त्यात डोळे मिटून उभं राहायला? हवालदार, काहीतरीच काय! मंगलताईंनी काल फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल!"