यादीत नसलेलं घर

त्या मंगळवारी मला सुट्टी होती. सुपेल्याच्या बाजारात मिक्सर दुरुस्तीला टाकला होता. "कॉइल गेली," असं दुकानदार सांगत होता, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दादा गेला होता. सकाळी ड्यूटीवर निघताना, बूट घालता घालता.

दादा नेत्र सहायक, मी शाळामास्तर. आमच्या भागात खुपऱ्या किती उरल्या आहेत याची मोजणी चालू होती. हा पापणीच्या आतला संसर्ग. वर्षानुवर्षं राहिला की पापणीचे केस आत वळतात, बुबुळाला घासतात आणि हळूहळू दृष्टी जाते. दादा पापण्या उलटून पाहायचा, मोजणीची ड्यूटी लागल्यानं मी फॉर्म भरायचो. घरी आमची आई डोळ्यातलं पाणी पुसत आरशासमोर बसायची आणि टोचणारा केस चिमट्यानं उपटायची.

भेटायला येणारा प्रत्येक जण दादाचा एक किस्सा ठेवून जाई. तेराव्यापर्यंत इतके साचले की घरात हसल्याचे आवाज यायला लागले! त्यातले माझ्यासमोर घडलेले तेवढेच सांगतो.

*

पोरं घाबरायची. मग दादा आधी माझी पापणी उलटायचा. "देखो बेटा, सर रोए क्या?"

एक चिमुरडी जवळ येऊन बघून म्हणाली, "रो रहे हैं!"

आणि पळाली. तिच्यामागे अख्खी रांग!

गावोगाव हेच. मोजणीत सर्वांत जास्त वेळा तपासले गेलेले डोळे माझेच असतील.

*

नियम एकच. यादीत चिठ्ठीनं निघालेलं घर बंद असेल तर शेजारचं घ्यायचं नाही, पुन्हा यायचं.

सुपेल्यामागच्या वस्तीत एका घराला कुलूप होतं. शेजारीण आपली तीन पोरं घेऊन हजर. "इनको देख लो न भैया, एकदम तैयार हैं!" तिघांची तोंडंही धुतलेली!

मी म्हटलं, "दादा, घे ना. कोणाले समजते?"

"मले समजते ना बे!"

त्या कुलपापाशी आम्ही चार वेळा गेलो. चौथ्यांदा शेजारणीनंच फोन नंबर मिळवून दिला. ते लोक लग्नाला गेले होते, रविवारी येणार होते. दादानं फॉर्मवर लिहिलं, "रविवार."

*

एका गावात खुपऱ्यांचा एकही रुग्ण सापडला नाही. तिथला म्हातारा हिरमुसला. "हमर गाँव म एको झन नइ हे?"

"नहीं, दादाजी."

"अउ बाजू वाला गाँव म?"

"वहाँ भी नहीं."

"त ठीक हे!"

*

एक साहेब पाहणीला आले. फॉर्म चाळून म्हणाले, "सगळीकडे शून्यच तर आहे. मग इतके दिवस काय केलं?"

दादा म्हणाला, "शून्य लिहायलाही दार वाजवावंच लागते, साहेब."

*

त्याच आठवड्यात शुक्रवारी चरोद्याची पाळी होती. रेल्वे क्वार्टरमध्ये आमची मावशी राहते. चिठ्ठीत घर निघालं तिच्या शेजारणीचं! मावशी भडकली. "चहा माह्या घरी पेते, अन् डोळे शेजारणीचे पायते! कावून रे? आमाले डोळे नाहीत का?"

शेजारणीच्या अंगणात पाच जण रांगेत होते. दादा खाली मान घालून हात साफ करत म्हणाला, "नेक्स्ट." वर पाहिलं तर समोर आई! त्या दिवशी ती मावशीकडे आली होती. पदर नीट करून, चेहरा वर धरून बसली होती.

"मलेही पाय."

"आई, तू यादीत नाहीस."

"मंग टाक ना यादीत. हा लहाना लिवतेच आहे ना!"

सगळे हसले. दादाही हसला. म्हणाला, "तुले घरी निवांत पायतो. रविवारी पक्का."

"लिवून दे."

दादानं माझ्याकडून कोरा फॉर्म घेतला, मागच्या बाजूला "आई, रविवार" असं लिहून सही केली. तिनं तो घडी करून कमरेला खोचला.

रविवारी कुलपाचं घर उघडलं. आम्ही तिकडे गेलो. चौघांचे डोळे तपासले, चारही शून्य. घरी यायला रात्र झाली, आणि दोनच दिवसांनी तो मंगळवार.

आता मी दवाखान्याचं नाव काढलं की आई तो कागद दाखवते.

तिचे डोळे तपासायचे राहिले आहेत.