मागच्या गल्लीतले पाहुणे

फील्ड व्हिजिटचा रिपोर्ट दोन पानांचा असतो. फोटो जास्त झाले तर तीन. त्यात जे मावत नाही ते सगळं माझ्याकडे साचत जातं, आणि चार मैत्रिणी जमल्या की बाहेर पडतं. ऐकणारे आधी हसतात. मीही हसत हसतच सांगते.

मी सुरतेत एका ट्रस्टच्या ऑफिसात आहे. ट्रस्ट वस्त्यांना निधी देतो. त्याआधी हेड ऑफिसातले साहेब-मॅडम ‘सामाजिक समता प्रत्यक्ष समजून घ्यायला’ वस्तीत येतात. त्यांना हिंडवायचं काम माझं.

आमची वस्ती बमरोलीची. पुढच्या गल्लीत खानदेशातली, माझ्यासारख्यांची घरं. गावाकडे ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं ते सुरतेतही मागच्याच गल्लीत. कोणी ठरवलं म्हणून विचारू नका, आपल्याकडे हे न सांगता ठरतं!

या मागच्या गल्लीला एक पाळणाघर हवं होतं, बस्स. आईबाप दोघंही बारा तास कामावर आणि पोरं खोलीत. बाहेरून कुलूप. अर्ज मी लिहिला, पण बोल सिंधूबाईंचे होते. सिंधूबाई याच गल्लीतल्या, जालन्याकडच्या, पन्नाशीच्या, साडीच्या कारखान्यात धागे कापायला जाणाऱ्या. त्यांची चार वर्षांची नात, परी, तीही कुलपातच असायची.

•

अर्जानंतरच्या पहिल्या व्हिजिटला एक तरुण साहेब आले. नवीन लॅपटॉप, नवीन बूट. पुढच्या गल्लीतल्या पोपटभाऊंना त्यांनी विचारलं, “तुमच्या समस्या काय?”

पोपटभाऊंनी सांगितल्या. वीस वर्षं पावरलूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्यांचा साधा आवाजही शेजारच्या पांडेसऱ्यापर्यंत जातो. साहेब दोन पावलं मागे सरकले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं तर, ‘समुदाय आक्रमक वाटतो.’

मी पोपटभाऊंना म्हटलं, “भाऊ, जरा हळू बोला ना, साहेब घाबरले!”

तर भाऊ बिचारे खरोखर ओशाळले. म्हणाले, “ताई, मी ते त्यासना कानमा बोली ऱ्हायनू!”

त्यांच्या लेखी ती कानातली कुजबुज होती. भाऊंचं वय बेचाळीस. मी ‘आक्रमक’ खोडायला लावलं आणि ‘ऐकू कमी येतं’ असं लिहायला सांगितलं. साहेब म्हणाले, त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

•

दुसऱ्या व्हिजिटला ट्रेनर आणला होता. त्याने एक खेळ घेतला. सगळे एका रांगेत उभे. “ज्यांच्या घरात कोणी दहावी पास आहे, एक पाऊल पुढे. ज्यांना कधी कोणी भाड्याने खोली नाकारली, एक पाऊल मागे.” शेवटी कोण कुठे उभं राहतं ते बघायचं, म्हणजे विषमता डोळ्यांना दिसते.

दिसली की! हेड ऑफिसचे लोक पुढे पुढे जात पार मारुतीच्या ओट्याला टेकले. पुढच्या गल्लीतल्या बाया मध्यावर कुठेतरी. सिंधूबाई प्रत्येक प्रश्नाला मागे. ट्रेनरला भारी आनंद झाला होता, खेळ जमला म्हणून.

“ज्यांना गावच्या देवळात कधी जाऊ दिलं नाही, एक पाऊल मागे!”

सिंधूबाई हलेनात. ट्रेनर म्हणाला, “मावशी, लाजू नका. खरं तेच करा.”

“खरंच करतेय, भाऊ,” सिंधूबाई म्हणाल्या. “पर मागं गटार हाय. आता आजून कुठं जाऊ?”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘सत्र प्रभावी झाले.’ हो, मीच लिहिलं.

•

तिसऱ्या वेळी नंदिनी मॅडम आल्या. निधीवर सही त्यांची. शांत बाई, मनापासून ऐकणाऱ्या. पुढच्या गल्लीत नेहमीच्या घरी चहा झाला आणि निघताना त्यांनी विचारलं, “ही मागची गल्ली कुठे जाते?”

“कुठेच नाही, मॅडम,” मी म्हटलं.

माझ्या तोंडून किती सहज गेलं ते! आठ वर्षं मी पाहुण्यांना त्या कोपऱ्यावरून परत फिरवत होते. रस्ता खराब, खुर्च्या नाहीत, अशी कारणं माझ्याकडे तयार असायची. खरं कारण मला ठाऊक होतं आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मॅडम तरीही आत शिरल्या. दुपारची वेळ, दारोदारी कुलपं. एका खिडकीच्या गजांना धरून परी उभी होती. मॅडमनी गोड आवाजात म्हटलं, “बाळा, दार उघड ना.”

“कुलूप भायेरून हाय,” परी म्हणाली. “तुमी किल्ली आणली का?”

मॅडम गाडीत रडल्या. पाळणाघर हवंच, असं हेड ऑफिसला फोनवर सांगितलं. तिथून उत्तर आलं, समितीला आणखी एक व्हिजिट लागेल.

•

ती व्हिजिट व्हायच्या आधीच उन्हाळा लागला. पत्र्याची खोली, परीच्या अंगात ताप, दाराला कुलूप. तिची आई कारखान्यातली पाळी संपवून आली तेव्हा उशीर झाला होता.

मॅडम तिसऱ्या दिवशी भेटायला आल्या. जमिनीवर बसल्या, सिंधूबाईंचा हात धरला. इतकं बरं वाटलं मला! मग उठल्या, आणि सवयीने, प्रत्येक व्हिजिटच्या शेवटी म्हणतात तसं म्हणाल्या, “आम्ही पुन्हा येऊ.”

सुतकाच्या घरातून निघताना आपण साधं ‘येते’ही म्हणत नाही. खोलीतल्या बायांनी माना वर केल्या. एकजण चिडून म्हणाली, “ओ बाई, असं बोलत्यात का?”

सिंधूबाईंनीच तिला गप्प केलं. “ऱ्हाऊ दे गं. त्यांना तेवढंच म्हणता येतं.”

•

पाळणाघर झालं. मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. उद्घाटन नको म्हणून मॅडमनी बजावलं होतं, नुसत्या बघायला आल्या. वीसेक पोरं, आणि त्यांना सांभाळायला सिंधूबाई. एक पोर कडेवर, एक पदराला.

आम्हा ऑफिसच्या लोकांना बाहेरचं पाणी प्यायचं नाही अशी सूचना आहे, पोट बिघडतं म्हणून. आपापली बाटली आपापल्या पिशवीत. त्या दिवशी मॅडम पिशवी गाडीतच ठेवून आल्या. मला वाटतं, मुद्दामच. पोरांमध्ये खाली बसल्या आणि म्हणाल्या, “सिंधूबाई, पाणी देता का?”

माठ तिथेच होता, हाताच्या अंतरावर, धुतलेला, वर पितळी झाकणी. सिंधूबाईंनी माठाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. कडेवरचं पोर माझ्याकडे दिलं आणि बाहेर गेल्या.

बराच वेळ झाला. मॅडम माठाकडे बघत बसल्या होत्या. मला उठून एक पेला भरून द्यायचा होता, पण पोर झोपलं होतं.

सिंधूबाई भर उन्हातून मेन रोडच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या होत्या. धाप लागलेली. पदरात गुंडाळून धरलेली पाण्याची बाटली त्यांनी मॅडमसमोर केली.

“झाकणाचं शील बघून घ्या, बाई,” त्या म्हणाल्या. “मी हात न्हाई लावला.”