ताप घरी ठेवून ये

टीव्हीसाठी विनोदी नाटुकल्या लिहिणारे ते गृहस्थ स्वतः कधी हसत नसत. गोव्यातल्या साखळी गावच्या हॉटेलात मला कोकणीत विचारायचे, "मुकादम नेमकें कितें म्हणालो? परत सांग." सातवीत शाळा सोडून सावंतवाडीहून खाणीवर आलेल्या माझं कुणी इतकं ऐकतं, याचंच मला अप्रूप.

मग तापासाठी रजा मागितली तेव्हा खाणीवरच्या मुकादमानं मला सुनावलेलं "ताप घरी ठेवून ये" टीव्हीवर आलं. आता माझं काम जाणार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो परगावचा मुकादम हॉटेलात आला. नजर माझ्यावर, प्रश्न त्यांना, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमचे बाबा आम्हां पोरांना म्हणायचे," ते शांतपणे म्हणाले.

मुकादम गेला. त्यांचे बाबा गावचे वैद्य, ताप आलेल्या मजुरांना स्वतःच्या ओसरीवर निजवणारे, हे सगळ्या हॉटेलाला ठाऊक होतं. पण मुकादमासमोर कुणी तोंड उघडलं नव्हतं.