सुदामच्या फोनमधली बकरी

त्या रविवारी सकाळी सातला सुदाम वाहूळनं आमच्या ग्रुपवर पाय वर करून झोपलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'रविवारची कामं सुरू.' नऊच्या सुमारास त्याच्याच नंबरवरून दोन शब्द आले, 'पप्पा गेले.' ते त्याच्या मुलानं, मिलिंदनं टाकले होते... पण हे ध्यानात यायच्या आत मी उत्तर देऊन बसलो, 'कुठं गेले? सुट्टीच्या दिवशी तरी घरी बसा म्हणावं.' मग नीट वाचलं. मेसेज डिलीट केला, पण डिलीट केल्याची ओळ तिथं अजून आहे. चाळीस वर्षं सोबत असलेल्या मित्राला मी दिलेला निरोप तो एवढाच. त्याला स्वतःला मात्र ते आवडलं असतं, याची मला खात्री आहे.

सुदाम वैजापूरकडचा. आम्ही एकाच सरकारी ऑफिसात. तो कारकून, मी हेडक्लार्क. नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी आली, की रविवारी येणाऱ्या सुट्ट्यांभोवती तो लाल गोल काढायचा आणि शेजारी एक रडकी म्हैस. खाली अगदी सरकारी भाषेत, 'सदर सुट्टी रविवारी विलीन झाली असून सर्व कर्मचारी शोकाकुल आहेत.' म्हशीबरोबर कधी चष्मा लावलेला एक उंटही असायचा, दुसऱ्यांच्या फायलीत मान घालून बघणारा. तो कोण, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मी एकदा चिडून त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, 'सदर उंट माझा नाही. आपला असल्यास ओळख पटवून घेऊन जावा.' तो कागद मी फाइलला लावला नाही, घरी नेला. आजही कपाटात आहे.

निवृत्तीनंतर आम्हा जुन्या मंडळींचा ग्रुप झाला, 'आवक-जावक'. ॲडमिन अर्थातच मी. सुदामच्या हातात फोन आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. प्रत्येकाला त्यानं एकेक जनावर वाटून दिलं. स्वतःसाठी गाढव ठेवलं. "त्यात वाद नाय," म्हणायचा. त्याच्या घरी गारखेड्यात नळाला पाणी आलं की हा पाणघोड्याचा फोटो टाकणार, आणि ज्यांच्याकडं आठवडाभर नळ आलेला नाही ते वाळवंटातल्या पाली टाकणार. पोह्यात शेंगदाणे हवेत की नकोत, यावर चार दिवस भांडण चाललं होतं. ऑफिस सुटून वर्षं झाली, तरी रविवारी गेलेल्या सुट्ट्यांचं सुतक आम्ही दरवर्षी पाळायचो. मी अधूनमधून लिहायचो, 'अनावश्यक फोटो टाकू नयेत.' लगेच उंट हजर. माझ्याकडून तिथं एकही जनावर कधी गेलं नाही, हुद्द्याला शोभलं नसतं. पण सकाळी उठल्यावर आधी उंट आलाय का ते बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. त्याची बायको, कमलवहिनी, भिंतीला टेकून बसलेल्या. तेवढ्यात आतून बकरी ओरडली. मेसेज आला की फोनमधून बकरी ओरडावी, अशी सोय सुदामनं करून ठेवली होती, आणि आमची मंडळी ग्रुपवर श्रद्धांजली वाहत होती. एकेक श्रद्धांजली, एकेक बकरी. मिलिंद उठून फोन शोधायला लागला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच बसून मी ग्रुपला कुलूप घातलं, म्हणजे ॲडमिनशिवाय कुणालाच काही टाकता येणार नाही असं केलं, आणि परिपत्रक काढलं, 'तेरा दिवस ग्रुप बंद राहील.'

तेरा दिवस झाले. महिना झाला. कुलूप उघडायला माझा हात होईना... पहिला विनोद कोण करणार, आणि कुणावर? मधे पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी आली. महाशिवरात्र रविवारी, लक्ष्मीपूजनही रविवारी. सुदामची नुसती चांदी झाली असती. मी यादी वाचली आणि फोन पालथा घातला. ग्रुपही त्याच्याबरोबर गेला, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "भाऊजी, ग्रुप तुम्ही बंद केला व्हय?"

"तेरा दिवसांसाठी केला होता वहिनी. बरं दिसत नव्हतं."

"आमच्यात तेरावं नसतंय. पाचव्या दिवशी जलदान झालं, तुम्हीच की पंगतीला व्हते."

खरंच होतो. भन्तेजींचं प्रवचन ऐकलं होतं, पंगतीत बसून खीर मागून घेतली होती. चाळीस वर्षं त्याच्या घरी जेवलो, आणि दिवस मात्र माझ्या घरचे मोजले. मला फार लाज वाटली, तसं मी बोललोही.

"त्याचं काय नाय," वहिनी म्हणाल्या. "पण सकाळच्या चहाला ते मला समदं वाचून दाखवायचे. कोणाच्या घरी पाणी आलं, कोण काय म्हणालं. मला वाचाया लई जमत नाय. त्या दिवशी बकरी वरडली ना, मला हसू आलं व्हतं भाऊजी. घरात तेवढाच त्यांचा आवाज व्हता. म्हणून तर पदर लावला. आता रोज फोन चार्ज करून ठिवते, अन् तो गप."

फळीवर मिठाच्या बरणीशेजारी तो फोन होता, काच पुसलेला.

मी तिथंच कुलूप काढलं. मग बराच वेळ शोधून एक उंट मिळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर जनावर टाकलं. खाली लिहिलं, 'महाशिवरात्र व लक्ष्मीपूजन रविवारी विलीन. सर्व कर्मचारी शोकाकुल.'

फळीवरची बकरी ओरडली. वहिनींनी गॅस बारीक केला. मिनिटभर काहीच नाही, मग पुन्हा ओरडली, आणि मग थांबेचना.

"वाचा की," त्यांनी सुदामचा फोन माझ्या हातात दिला. "कोण काय म्हणतंय?"

मी चष्मा नीट केला. माझ्या उंटाखाली कुणीतरी गाढवाचा फोटो आणि खाली एक ओळ टाकली होती. मी जमेल तितक्या हेडक्लार्कच्या आवाजात वाचलं, "वाहूळ गैरहजर. रजा मंजूर."

वहिनी हसल्या. या वेळी पदर लावला नाही. डोळे पुसत म्हणाल्या, "म्होरलं वाचा."